हवेतनं तर जातंय

२०२५ च्या मेपर्यंत आमच्या अंगणावरून सहा तारा जात होत्या, आणि त्यांतली एकही आमच्या घरात येत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एक लोखंडी खांब आहे. तिथून निघून त्या आमच्या अंगणावर तिरक्या जायच्या आणि मागच्या आळीतल्या घरांत शिरायच्या. तीन काळ्या, टेलिफोनच्या. एक जाडसर, जुन्या केबल टीव्हीची. दोन नव्या आणि बारीक, इंटरनेटच्या. पावसाळ्यात थेंब या तारांवरून एकामागोमाग घसरत मध्यावर यायचे आणि तिथून तुळशीवर पडायचे. मी लहान असल्यापासून हे असंच होतं.

उंची मोजायची वेळ आली ती मिस्त्रींनी टेप लावला तेव्हा. सगळ्यांत खाली लोंबणारी तार जमिनीपासून नऊ फूट चार इंचांवर होती. आम्हाला स्लॅब टाकायचा होता साडेदहा फुटांवर.

ही खोली हौसेची नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं तुटक झालं. नाशिकहून त्यांना घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की आमचं घर फक्त धडधाकट माणसांसाठी बांधलेलं आहे. रस्त्यापासून ओटा तीन पायऱ्या वर. माजघराला उंच उंबरा. न्हाणी मागच्या दारी, आणि संडास अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात.

राजूर अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या वाटेवर आहे. इथून पुढे घाटघरकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. आमच्याकडेही जून-जुलैत अंगण म्हणजे शेवाळ आणि चिखल. धडक्या माणसाचा पाय सरकतो तिथे अप्पांना दिवसातून पाच-सहा वेळा धरून नेणार कोण? भाऊ पुण्यात नोकरीला. घरात मी आणि आई. आईचं वय पासष्ट.

म्हणून अंगणात एक खोली बांधायची ठरली. दहा बाय चौदा, उंबरा नाही, दार चाकाच्या खुर्चीपुरतं रुंद, आत धरायला दांड्या लावलेला संडास. जागा तेवढीच मोकळी होती आणि मुदतही ठरलेली होती, पाऊस पडायच्या आत.

“पत्रा टाका,” असं दोघा-तिघांनी सुचवलं. पत्र्याखाली राजूरचा पाऊस ज्याने ऐकला आहे तो असं सुचवणार नाही. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, मग अप्पांचं तुटक बोलणं तर सोडाच. स्लॅबच हवा होता. तो आठ फुटांवर आणला तरी वर सळई बांधणाऱ्या कामगाराच्या पोटाशी तार येणार होती.

मिस्त्रींचा उपाय साधा होता. “ताई, एक पक्कड द्या. दोन मिनिटांचं काम. ज्याची असंल तो येईल धावत.”

हे ते चेष्टेने म्हणाले नव्हते. आपल्याकडे तारेचा मालक शोधायची ही सर्वमान्य पद्धत आहे. खांबावर कुणाचं नाव नाही, तारेवर कुणाचा नंबर नाही. तार कापली की दोन तासांत मालक हजर होतो, चार शिव्या देतो आणि तिथल्या तिथे जोडून, वर उचलून देतो. मिस्त्रींनी अशी चार-पाच घरं बांधली होती.

*

पक्कड घरात होती. ती वापरण्याआधी मी एक केलं. मान वर करून तारांच्या मागोमाग मागच्या आळीत गेले.

तीन काळ्या तारा तीन घरांच्या भिंतीपर्यंत जाऊन तुटक्या लोंबत होत्या. ते फोन कधीच बंद झाले होते. जाड तार एका बंद पडलेल्या डबीत संपत होती. उरल्या दोन बारीक. एक तार एका छोट्या पेटीत शिरत होती आणि तिथून तिला फाटे फुटून ती दहा घरांत गेली होती. दुसरी थेट एका दुकानात. आळीच्या टोकाच्या त्या दुकानात ई-सेवा केंद्र आहे.

दहा घरांपैकी एका घरात एक मुलगी तलाठी भरतीचा अभ्यास करते. तिचे सगळे क्लास यूट्यूबवर. एका घरातला मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. एका घरात आजी-आजोबा दोघंच, मुलगा परदेशात, आणि रोज रात्री साडेनऊला त्याचा व्हिडिओ कॉल. हे सगळं महत्त्वाचं होतं. पण मला थांबवलं ते ई-सेवा केंद्राने.

त्या महिन्यांत रेशनकार्डाच्या ई-केवायसीची धावपळ चालू होती. घरातल्या प्रत्येकाने यंत्रावर अंगठा टेकवायचा, तो आधारशी जुळला तर नाव राहणार. डोंगराकडच्या वाड्यांमधून बाया जीपने यायच्या, कडेवर मूल, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कार्डं. आमच्या भागात डोंगर असे उभे आहेत, की एका वळणावर मोबाइलला रेंज असते आणि पुढच्या वळणावर नसते. वाडीवर हे काम होत नाही म्हणूनच त्या राजूरला यायच्या. रोज बुडवून, भाड्याचे पैसे देऊन. मी गेले तेव्हा केंद्राबाहेर वीस-पंचवीसजणी बसल्या होत्या. त्यांतल्या एका मावशींची ती तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही वेळी ‘सर्व्हर डाऊन’ होता.

मी पक्कड चालवली असती तर चौथी खेप माझ्यामुळे झाली असती. मिस्त्रींच्या हिशेबातले दोन तास शहरातले होते. काचेची तार तुटली तर तांब्यासारखी पीळ देऊन जुळत नाही. तिच्या आतली काच बाहेरच्या आवरणासकट १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे साधारण केसाएवढी, आणि उजेड वाहतो तो गाभा अवघा ९ मायक्रॉनचा. दोन टोकं यंत्रात समोरासमोर धरून ठिणगीने वितळवून जोडावी लागतात. ते यंत्र राजूरमध्ये नव्हतं. ते संगमनेरहून यायचं, आणि येईल तेव्हा यायचं.

*

संध्याकाळी मी अप्पांना विचारलं, की या तारा आपल्या अंगणावरून जायला लागल्या कशा? उत्तर आईने दिलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे फोन आला. आळीतला पहिला. त्याआधी काही वर्षांपूर्वीपर्यंत खेड्यात फोन मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट होती. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि तिने खास खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. वातानुकूलित खोली न लागणारं, धूळ-उकाडा सोसणारं. असं पहिलं एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं. त्यानंतर देशभर आमच्यासारख्या गावांपर्यंत फोन पोहोचत गेला.

आमचा फोन अख्ख्या आळीचा होता. तुमच्यापैकी अनेकांनी ‘पी.पी. नंबर’ हा प्रकार पाहिला नसेल. ज्याच्याकडे फोन नाही तो शेजाऱ्याचा नंबर नातेवाइकांना द्यायचा आणि कार्डावर, लग्नपत्रिकेवर त्यापुढे कंसात पी.पी. लिहायचा. फोन आला की आम्ही पोरांनी पळत जाऊन निरोप द्यायचा, “काकू, मुंबईचा फोन आहे, दहा मिनिटांनी परत करणारेत.” मग काकू पदर सावरत येऊन फोनशेजारच्या स्टुलावर बसायच्या आणि सगळं घर उगाचच गप्प व्हायचं. बाळंतपणं, मयतं, नोकऱ्या, सगळ्या बातम्या आमच्या घरातून आळीत गेल्या.

पुढे मागच्या तीन घरांना स्वतःचे फोन मंजूर झाले. खांबापासून त्यांच्याकडे जायची जवळची वाट आमच्या अंगणावरून होती. लाइनमन विचारायला आला. अप्पा म्हणाले होते, “न्या की. हवेतनं तर जातंय.”

बस, एवढीच परवानगी. त्या वाक्यावर तीन तारा गेल्या. नंतर केबलवाला आला. त्याने विचारलंच नाही, कारण तीन तारा आधीच जात होत्या. इंटरनेटवाल्याने तर त्याच तारांना आपली तार बांधून टाकली. आमचा स्वतःचा फोन आम्ही मोबाइल आल्यावर बंद केला, त्याची तार काढून नेली. बाकीच्या राहिल्या, आणि दर दोन-चार वर्षांनी आणखी थोड्या खाली आल्या.

आई सांगत होती तोवर अप्पा ऐकत होते. मी म्हटलं, मिस्त्री कापा म्हणतायत. त्यांनी डावा हात हलवला. बराच वेळ शब्द जुळवत राहिले आणि मग म्हणाले, “मागं... लोक.”

*

मग मी कायदा वाचायला घेतला. मी वकील नाही. पण फोनवर मोफत वाचायला मिळणाऱ्या गोष्टींत कायदेही आहेत, आणि रात्री अप्पांजवळ जागायचंच होतं.

आपल्या देशात तारांचा कारभार जवळजवळ दीडशे वर्षं एकाच कायद्यावर चालला. १८८५ चा भारतीय तार कायदा. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आमच्या इथलं भंडारद्याचं धरण तर अजून कुणाच्या कागदावरही नसावं. त्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. तारसेवा स्वतः २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तिच्या नावाचा कायदा त्यानंतरही अकरा वर्षं फोनला आणि इंटरनेटला लागू होता.

हा कायदा इंग्रजांचा, त्यामुळे तो सरकारच्या बाजूचा असणार अशी माझी समजूत. निम्मी खरी निघाली. कलम १० प्रमाणे तार खात्याला कुणाच्याही जमिनीवर खांब रोवता येतो, जमिनीवरून तार नेता येते. मालकाची संमती लागत नाही. कुणी अडवलं तर कलम १६ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी हुकूम काढू शकतात. हेच अधिकार २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम १६४ ने वीज वाहून नेणाऱ्या कंपन्यांना देता येतात. शेतात विजेचे मोठे मनोरे उभे राहतात आणि शेतकरी फक्त मोबदल्यावरच भांडू शकतो, त्याचं एक मूळ या १८८५ च्या ओळींमध्ये आहे.

पण त्याच कलम १० मध्ये पुढे एक अट आहे. तार गेली म्हणून खात्याला जागेवर कुठलाही हक्क मिळत नाही, मिळतो तो फक्त वापराचा हक्क. नुकसान कमीत कमी करायचं, आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची.

आणि मग कलम १७. ते मी तीनदा वाचलं. त्याचा अर्थ असा : जागेच्या मालकाला आपल्या जागेचा असा काही उपयोग करायचा असेल, की त्यासाठी तार त्याच जागेत दुसरीकडे नेणं, वर घेणं किंवा खाली घेणं गरजेचं ‘किंवा सोयीचं’ ठरेल, तर तो खात्याला तसं करायला सांगू शकतो. खात्याने केलं नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. मालकाने पूर्वी भरपाई घेतली असेल तरच त्याने खर्च द्यायचा, तोही हलवण्याचा खर्च किंवा घेतलेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांतलं जे कमी असेल ते.

आमच्या अंगणातली अडचण १८८५ मध्ये कुणीतरी आधीच कल्पून ठेवली होती. घर वाढतं, माणूस म्हातारा होतो, भिंत पुढे येते, आणि तार मध्ये येते. एवढंच नाही, तर ‘गरजेचं’ हा एक शब्द पुरला असता तिथे त्यांनी ‘सोयीचं’ हा दुसरा ठेवला होता. म्हणजे मालकाने आपली गरज रडून सिद्ध करायची नव्हती.

त्याच कायद्यात कलम २५ ही होतं. तार मुद्दाम तोडली तर तीन वर्षांपर्यंत कैद. मिस्त्रींना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मग आमच्या निम्म्या गवंड्यांना आत टाकावं लागंल.”

आता तो कायदा मागे पडला आहे. २०२३ चा दूरसंचार कायदा त्याच्या जागी आला, त्याची बरीच कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली, आणि तारा नेण्याच्या वाटेबद्दलचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून. नव्या कायद्यात खाजगी जागेवरून तार न्यायची तर कंपनीने मालकाकडे अर्ज करायचा आणि दोघांनी करार करायचा, अशी पायरी आहे. सार्वजनिक हिताचं काम मालकाने अडवलं तर सरकार मध्ये पडू शकतं. आणखी एक गोष्ट त्यात स्पष्ट लिहिली आहे. तारांचं जाळं ज्या जागेवर आहे त्या जागेहून ते वेगळं मानायचं. तार आपल्या अंगणावर आहे म्हणून ती आपली होत नाही.

*

कायदा माझ्या बाजूने होता. तो सांगायचा कुणाला, हा प्रश्न उरला.

पाया खणला त्याच आठवड्यात, मार्चमध्ये, मी इंटरनेट कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. तिने माझा ग्राहक क्रमांक विचारला. मी सांगितलं, मी ग्राहक नाही, तुमची तार माझ्या घरावरून जाते. ती म्हणाली, “मॅम, ग्राहक क्रमांकाशिवाय तक्रार नोंदवता येत नाही.” दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, तेच उत्तर. तिसऱ्याने दया येऊन काहीतरी नोंदवलं. दोन दिवसांनी मेसेज आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. मी बाहेर जाऊन पाहिलं. तार होती तिथेच होती.

ज्याच्या घरात तार जाते तो ग्राहक. ज्याच्या डोक्यावरून जाते त्याला त्यांच्या यंत्रणेत रकानाच नव्हता.

कलेक्टरांकडे जायचं तर जिल्ह्याचं ठिकाण राजूरहून शंभराहून अधिक किलोमीटर. अकोले तेवढं वीस-बावीस. एप्रिलमध्ये मी अर्ज लिहिला. जुन्या कलम १७ चा संदर्भ, नव्या कायद्याचा संदर्भ, अंगणाचा नकाशा, तारांची उंची, अप्पांच्या आजारपणाचा कागद. एक प्रत कंपनीला रजिस्टर पोस्टाने, एक ग्रामपंचायतीला, एक तहसील कार्यालयात. शिक्के मिळाले. भिंती लिंटेलपर्यंत आल्या.

वाट मोकळी झाली ती ई-सेवा केंद्रवाल्या दादामुळे. मी त्याला नुसतं सांगायला गेले होते, की सेंटरिंग लावताना तुझ्या तारेला धक्का लागू शकतो. तो म्हणाला, “ताई, तुझ्याकडे ग्राहक क्रमांक नाही ना? माझ्याकडे आहे. आणि या दहाजणांकडे पण.” त्याच संध्याकाळी आळीत अकरा सह्या झाल्या. तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुलीने मजकूर लिहिला, माझ्यापेक्षा नेटका. अकरा क्रमांकांवरून एकाच दिवशी अकरा तक्रारी गेल्या : आमची जोडणी धोक्यात आहे, तार वर घ्या.

चौथ्या दिवशी माणूस आला.

तो पंचविशीचा असेल. पाठीवर बॅग, मोटरसायकलला बांधलेली शिडी. आल्या आल्या म्हणाला, शिफ्टिंगचा खर्च घरमालकाला पडतो. मी विचारलं, असं कुठे लिहिलं आहे? त्याला माहीत नव्हतं, त्याला तसं सांगितलेलं होतं. मी म्हटलं, आमच्या वडिलांनी तार जाऊ दिली त्याचा एक रुपया घेतलेला नाही. ज्याने काही घेतलं नाही त्याने द्यायचं कशाचं? त्याने साहेबाला फोन लावला. बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत बोलला. शेवटी ठरलं ते असं, की वीस फुटी लोखंडी पाइप आमचा, काम त्यांचं. पाइप आमच्या जागेच्या कोपऱ्यात, खोलीला सोडून. मला ते पटलं. लढून सगळं मिळवायला जून उजाडला असता.

काम मात्र त्याने फार सुंदर केलं. खांबावर तारेचं एक मोठं वेटोळं बांधलेलं असतं, मी ते नेहमी कचरा समजायचे. ती राखून ठेवलेली जास्तीची लांबी असते, अशाच दिवसासाठी. त्याने वेटोळं सोडलं, तार न कापता गल्लीच्या कडेने नेली, पाइपवर अठरा फुटांवर बांधली आणि मागच्या आळीत सोडली. वळणावर तार अलगद गोल ठेवत होता. “घट्ट वाकवली की उजेड बाहेर सांडतो,” असं त्याने समजावलं. ई-सेवा केंद्रात तेव्हा एक बाई अंगठा टेकवत होती. तिला काही कळलंसुद्धा नाही.

काळ्या तारांचं काम उरलं होतं. टेलिफोनच्या कार्यालयात मी अर्ज दिला होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याच अर्जावर लिहून दिलं, की जोडण्या बंद आहेत, तारा उतरवून ठेवाव्यात. उतरवायला आमच्या ओळखीचे एक निवृत्त लाइनमन काका आले. तेच, ज्यांनी अप्पांना विचारलं होतं. शिडीवर त्यांनी मिस्त्रींच्या पोराला चढवलं आणि स्वतः खाली उभे राहून सांगत राहिले. पोरगा तारेला हात लावायला घाबरत होता. काका म्हणाले, “मेलेली आहे रे. जिवंत असती तरी अठ्ठेचाळीस व्होल्ट. फक्त हातात असताना कुणाचा फोन यायला नको. घंटीचा झटका लागतो.” मग अप्पांशेजारी बसून त्यांनी चहा घेतला. कोणती जोडी कुणाची, कुठल्या पावसात कुठली तुटली, त्यांना सगळं आठवत होतं. अप्पा बोलले नाहीत, पण हसले. झटक्यानंतर त्यांना बाहेरच्या माणसासमोर हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

*

स्लॅब मेच्या तिसऱ्या आठवड्यात पडला. त्या वर्षी पावसाने कुणाचंच वेळापत्रक मानलं नाही. मे महिनाभर वळवाच्या सरी, आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखलसुद्धा झाला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. आमचा स्लॅब ताडपत्रीखाली सुकला. प्लास्टर, फरशी, संडासाचं काम, सगळं पावसात रेंगाळलं. अप्पा नव्या खोलीत गेले ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

म्हणजे साधारण सहा आठवडे आम्ही त्यांना भर पावसात अंगण ओलांडून नेलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने आई, आणि छत्री धरायला शेजारचं कुणीतरी. चिखलात फळ्या टाकल्या होत्या. एकदा आईचा पाय सरकला, सुदैवाने ती भिंतीला टेकली. मार्चमध्ये पक्कड चालवली असती तर हे सहा आठवडे वाचले असते. हा हिशेब मी टाळत नाही. तो आमच्या बाजूला मांडलेला आहे, आणि दुसऱ्या बाजूला ई-सेवा केंद्राबाहेर बसलेल्या बाया आहेत, ज्यांना आमच्या अंगणाबद्दल काहीच माहीत नाही. दोन्ही बाजू एका तराजूत कशा घालायच्या ते मला अजून येत नाही. पण ते सहा आठवडे छत्री धरायला रोज जे कोणी आलं ते मागच्या आळीतून आलं. बहुतेक वेळा तलाठी भरतीवाली.

काळ्या तारांची भेंडोळी नव्या खोलीतल्या कॉटखाली आहेत. न्यायला अजून कुणी आलेलं नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला, आत तांबं आहे म्हणून. ती आमची नाहीत, असं सांगून त्याला परत पाठवलं.

दिवाळीनंतर मागच्या आळीतल्या आणखी एका घराला इंटरनेट घ्यायचं होतं. या वेळी कंपनीचा माणूस आधी विचारायला आला. मी कागदावर लिहून ठेवलं होतं : तार पाइपवरूनच जाईल, अठरा फुटांच्या खाली येणार नाही, आम्हाला बांधकाम करायचं झालं तर कळवल्यापासून तीस दिवसांत कंपनी स्वखर्चाने हलवेल, तारेवर कंपनीचं नाव आणि फोन नंबर राहील. त्याने वाचलं, साहेबाला फोटो पाठवला, होकार आला. घर अप्पांच्या नावावर आहे, म्हणून कागद त्यांच्यापुढे ठेवला.

अप्पा डाव्या हाताने लिहायला शिकत होते. सहीला बराच वेळ लागला. पेन खाली ठेवून त्यांनी कागद त्या माणसाकडे सरकवला आणि म्हणाले, “न्या.”